आत्यांच्या शॉवरचं प्रेशर

सासूबाईंना मी आत्या म्हणते. गेल्या वर्षी गोठ्यात पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी वाकायला, खाली बसायला साफ बंदी केली. तेव्हापासून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मीच त्यांना आंघोळ घालायची. मला त्याचं काही जड नव्हतं. त्यांना होतं. जन्मभर उजाडायच्या आत, कुणाच्या नजरेला न पडता न्हाणारी बाई ती. मी तांब्या ओतला की डोळे मिटून, लुगडं छातीशी गच्च धरून बसायच्या. पुढंपुढं "आज अंग कसकसतंय, उद्या बघू" सुरू झालं, आणि उद्याचा परवा व्हायला लागला.

म्हणून शिरूरला गेले तेव्हा हातात धरायचा शॉवर घेऊन आले. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचं त्यांना उरकता येईल, दुसरं कुणी लागणार नाही. आमच्या मालकांनी, म्हणजे आत्यांच्या लेकानं, तो बसवला, मी नळ फिरवला, तर महादेवावर अभिषेक लावावा तसं टिपटिप पाणी.

कारण उघड होतं. आमची टाकी बाथरूमच्या स्लॅबवरच टेकवलेली. घर बांधताना मी म्हटलं होतं, जिन्याच्या डोक्यावर चढवा. पण "धुवायला एवढं वर कोण मरंल?" म्हणून मालकांनी खालीच ठेवली. आजवर ती टाकी मीच धुतली, हे जाता जाता सांगते.

आता पुन्हा तेच सुचवलं, तर म्हणतात, "प्रेशर मोटर देती, टाकी न्हाई. पाणी मला शिकवू नको." ड्रिप चालवण्यात हयात गेलेली, त्यांना दुसरा इलाज सुचतोय कशाला! घरामागच्या झेंडूला विहिरीवरून जी ड्रिपची लाईन जाते, तिलाच त्यांनी फाटा काढला आणि नळी सरळ बाथरूममध्ये घेतली. मोटर चालू केली मात्र, आत्यांच्या हातातला शॉवर असा उसळला की सुटून भिंतीवर आपटला. आत्या, मी, आरसा, वरची पाल, सगळी चिंब.

"मला धुतोयास का बैल धुतोयास रं?" आत्या आतूनच कडाडल्या.

मग व्हॉल्व्ह आला, जादा पाणी परत विहिरीत सोडणारी नळी आली. खोटं कशाला बोलू, धार झकास झाली. मालक चार दिवस मिशीला पीळ देत फिरले. तेवढ्यात शेतीच्या लाईटची पाळी आठवड्यापुरती बदलून रात्रीची झाली, आणि दिवसा मोटर मुकी.

"मग जेवणं झाल्यावर आंघूळ कर की, आये. आठवड्याचा तर प्रश्न हाय," मालक म्हणाले.

आत्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं की मी भाकरी थापायची थांबले.

"लाईट आली की पाणी, न्हाई आली की तसंच ऱ्हायचं. म्या काय तुझा झेंडू हाय का? सूनबाय म्हणती तिथं टाकी ने."

आईपुढं मालकांची डाळ शिजत नाही. पाटसला माझा भाऊ वेल्डिंगचं काम करतो, त्यानं लोखंडी स्टँड करून दिला. टाकी जिन्याच्या डोक्यावर गेली, खाली येणारा पाईपही जाड घातला. नळ सोडला, तर धार अगदी बेताची, अंगाला न टोचणारी. मालक नुसते "हं" म्हणाले. त्या "हं"नं माझं पोट भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांना खुर्चीवर बसवलं, हातात शॉवर दिला, साबण जवळ ठेवला. उन्हाळ्याचे दिवस, टाकीतलं पाणी आपसूक कोमट. सवयीनं मी पदर खोचायला लागले, तर म्हणाल्या, "तू जा."

दार ओढून मी बाहेर थांबले. म्हातारं माणूस, तोल गेला तर काय, म्हणून जीव खालीवर होत होता. आत पाणी पडलं, थांबलं, पुन्हा पडलं. मग आवाज आला.

"दाराशी उभी हायस व्हय?"

"हाय, आत्या."

"मग जा की. मला लाज वाटती."

इतके महिने मी त्यांना उघडं करून न्हाऊ घातलं, तेव्हा हे एकदाही म्हणाल्या नव्हत्या. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून उभी राहिले, आणि सुखानं माझे डोळे भरून आले.