आमच्या घरातला टॉपर

आमच्या सात पिढ्यांत टॉपर आला तो एकदाच, आणि त्यालाही मी पाण्यात बुडवला.

गैरसमज नको. परीक्षेत पहिलं येण्याचा गुन्हा आमच्या घराण्यात कुणीच केलेला नाही. (मी दहावीला तीनदा बसलो. तिसऱ्या खेपेला शिपाईच म्हणाला, “या, तुमची नेहमीची खिडकीजवळची जागा.”) हा टॉपर म्हणजे गादीवर अंथरायची फोमची पातळ गादी. चार बोटं जाड, पांढरी, दाबलं की बोट आत जाणारी. अब्बांसाठी आणली होती.

अब्बा पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून सांगलीपासून लोणंद-म्हसवडपर्यंत फिरलेले. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, दाभणानं टाके घालायचे. दोन जिल्ह्यांतल्या किती नवरानवरींना त्यांनी झोपवलं असेल, त्याचा हिशेब नाही. आणि ऐंशी उलटल्यावर हा माणूस मोरीत घसरला, खुबा मोडला आणि स्वतःच गादीला लागला. तीही स्वतःच भरलेल्या. डॉक्टर म्हणाले, “कापूस बसून दगड झालाय. पाठीला जखमा होतील. वर मऊ टॉपर टाका.”

मी मोठ्या दिमाखात टॉपर उलगडला. (घरात आमचं दखनी चालतं, पण अब्बा रागावले की मराठीत यायचे. त्यामुळं शेवटचं वर्षभर आमच्या घरात मराठीच होती.)

“ह्ये काय रं?”

“टॉपर, अब्बा.”

“कशात?”

“कशात नाही. गादीच्या वर टाकायचा.”

“म्हंजे माझ्या गादीच्या डोक्यावर? कापूस किती हाय ह्यात?”

“कापूस नाही. फोम आहे.”

अब्बांनी फोम चिमटीत धरून दाबला, सोडला, परत दाबला. मग तोंड भिंतीकडं फिरवलं. “पिंजाऱ्याला पावावर झोपवतोस व्हय रं!”

त्या दिवशी दुपारी ते चार तास घोरले. उठल्यावर विचारलं, “झोप लागली ना?” तर म्हणाले, “झोपलोय कुटं? डोळं मिटून राग करत हुतो.”

हा राग पुढं रोज दोन वेळा व्हायला लागला आणि पाठ सुधारली.

मग तो रविवार आला. सकाळी चहा घेऊन गेलो, तर अब्बा भिंतीकडं तोंड करून पडलेले. चादर ओली, टॉपर ओला. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “छत गळतंय बहुतेक.”

मे महिना! बाहेर ऊन असं की कावळे सावलीला येऊन बसलेले. मी वर छताकडं बघितलं. पांढराफटक कोरडा स्लॅब.

“हो अब्बा, गळतंय. बघतो मी.”

त्यांनी चादरीचा ओला भाग मुठीत गोळा केला. मग अगदी हळू, दखनीत नव्हे नि मराठीतही नव्हे, कुठल्या तरी तिसऱ्याच आवाजात म्हणाले, “सुलीला कळू देऊ नको.”

सुली म्हणजे शेजारची सुलामावशी. आमचं दोघांचं अंगण एकच. ती लग्न होऊन या गल्लीत आली ती अब्बांनी भरलेल्या गादीसकट. ती गादी अजून शाबूत आहे. रोज दहा वाजता ती अब्बांकडं गप्पा मारायला यायची. येताना दारातूनच ओरडायची, “चाचा, नवरा गेला, गादी टिकली बगा तुमची!” जगात अब्बांना अजून कारागीर समजणारं ते एकच माणूस उरलं होतं. तिच्यापुढं ते उशीला टेकून, टोपी घालून, मिशीला तेल लावून बसायचे.

दहाला दोन तास बाकी होते. म्हणजे माझ्यासारख्याला घोळ घालायला भरपूर!

टॉपर गुंडाळून मी मोरीकडं निघालो. अब्बा मागून ओरडले, “धू नको रं त्याला! गादी धुत नसत्यात. ऊन दाखवायचं आन मारायचं!” पण बायको, नसीम, लेबल वाचत होती. “अहो, इथं टबाचं चित्र आहे.”

“मग? धुवायचंच असतं!”

“त्याच्यावर फुली मारलीय.”

“अगं, कंपनीत आमच्या साहेबांची बरोबरची खूण अशीच येते.”

मी टॉपर टाकीच्या नळाखाली धरला. पुढं काय झालं हे विज्ञानानं सांगावं. अर्धी टाकी रिकामी झाली तरी खाली एक थेंब पडेना! मग मी साबणाची पावडर घातली. (चमचाभर पुरे, असं नसीम म्हणाली. मी वाटीभर घातली, कारण चमचा सापडला नाही.) मग उचलायला गेलो. उचलेना. काखेत हात घालून, “या अल्ला” म्हणून ओढला, तर आतून फस्सकन फेस आला आणि मी त्याच्यासकट मोरीत आडवा. नसीम बाहेरून म्हणाली, “आता तुमचाबी खुबा मोडू नका, टॉपर एकच आहे.”

दोघांनी मिळून ते धूड गच्चीच्या जिन्यावर चढवलं. जिना अंगणातून जातो. चौथ्या पायरीवर असताना खालून आवाज आला.

“इकबाल, कुनाची रं गादी?”

सुलामावशी! आज लवकर! हातात कुरडयांचं ताट.

“माझी, मावशी.”

“तू कवापासनं झोपतोस ह्याच्यावर?”

“अब्बांजवळ झोपतो ना... रात्री त्यांना लागलं काही तर. तांब्या सांडला माझ्याकडनं.”

मावशीनं नाक वर केलं. हुंगलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “तांब्याला असला वास येत न्हाई बाबा.”

जिन्याशेजारीच अब्बांच्या पलंगालगतची खिडकी. तिच्या पडद्यामागं काहीतरी हललं आणि स्थिर झालं. मला घाम फुटला. (तो टॉपरनं लगेच शोषून घेतला.)

“मावशी,” मी म्हणालो, “ते... झालं जरा. झोपेत.”

“तुझं?”

“माझं.”

“किती वर्सांचा झालास रं तू?”

“सत्तेचाळीस.”

नसीमनं तोंडाला पदर लावला. हसली की रडली, ते अजून सांगत नाही. मावशीनं ताट खाली ठेवलं, चादर पसरून कुरडया वाळत घालायला लागली आणि इतकंच म्हणाली, “आसूं दे. हुतं.”

इथं प्रकरण मिटलं असतं. पण मी वर जाऊन टॉपर कठड्यावर टाकला आणि अब्बांची शिकवण आठवून त्यांच्याच काठीनं त्याला हाणायला लागलो. कापसाच्या गादीतून धूळ उडते. ह्याच्यातून कारंजी उडाली! तिसऱ्या तडाख्याला कोपरा फाटला. पाचव्याला टॉपर कठड्यावरून घरंगळला आणि धप्पकन खाली गेला. कुठं? कुरडयांवर. मावशी वीतभर अंतरानं वाचली आणि अशी किंचाळली की अख्खी गल्ली गोळा झाली. त्यात मला कुपवाडच्या कारखान्यात रविवारची जादा पाळी करायला न्यायला आलेला माझा कंपनीतला दोस्त गजानन, मोटारसायकलीसकट.

“कुनाची ही गादी?” “वास कसला येतोय?” “कोन वलं करतंय रं ह्या वयात?”

सगळ्यांच्या माना हळूहळू अब्बांच्या खिडकीकडं वळायला लागल्या. मी गच्चीवर, हातात काठी. खाली तीसएक माणसं. आयुष्यात इतकी माणसं माझं ऐकायला कधी जमली नव्हती. मी ओरडलो,

“माझी हाय! मी करतो! झोपेत होतं मला!”

माना परत माझ्याकडं वळल्या. मग गजाननची शीळ. पाळीला तो एकटाच गेला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी हजेरी लावायच्या आधीच माझं नाव पडलं होतं. आजही सगळं खातं मला ‘टॉपर’ म्हणतं. नवीन आलेल्यांना वाटतं, हुशार असेल.

संध्याकाळी अब्बांनी दाभण मागितलं. पलंगाशेजारी टेकवलेल्या ओल्या टॉपरचा फाटलेला कोपरा मांडीवर घेऊन ते शिवायला बसले. टाका ओढला की फोम चिरायचा.

“टाका धरत न्हाई रं ह्यो,” ते म्हणाले. मग मान वर न करता, “तू सात वर्सांचा हुईस्तवर रोज वली करायचास. ठावं हाय?”

“मी?”

“मग काय मी? रोज सकाळी तुझी गादी अंगनात उन्हात टाकायचो. कुनी इचारलं तर सांगायचो, गिऱ्हाइकाची हाय. पिंजाऱ्याच्या दारात गादी वाळताना बघून कोन संशय घेतंय?” त्यांनी टाका ओढला, तो परत सुटला. “तुला मातुर खोटं बोलायचं अंग न्हाई. गच्चीवरनं वराडतंय का कुनी?”

हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाठीवरून हात फिरवला. पाठ उरलीच नव्हती, नुसते मणके होते.

दुसऱ्या दिवसापासून सुलामावशी माझ्यासाठी तिळाचे लाडू आणायला लागली. अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांना देतात तेच, काळ्या तिळाचे, गुळातले. रोज एक, तिच्यासमोर खायचा. भर उन्हाळ्यात तीळ! आठवड्यात माझ्या नाकाचा घोळणा फुटला. अब्बा टोपी घालून, उशीला टेकून हे बघत बसायचे. एकदा म्हणाले, “सुले, मलाबी दे की आर्धा.”

“तुमाला कशाला, चाचा? तुमाला काय झालंय?”

“न्हाई न्हाई! मला काय हुतंय? चव बघायला म्हनलं.”

रोज सकाळी टॉपर ओला असायचा. रोज मी तो काढायचो, पुसायचो, वाळवायचो. (आता धुवत नव्हतो, खायचा सोडा टाकून सावलीत ठेवायचो. लेबलाच्या मागच्या बाजूला तेच लिहिलं होतं.) रोज अंगणात मावशी विचारायची, “आजबी?” आणि मी खाली मान घालून म्हणायचो, “आजबी.”

पुढं एका सकाळी चहा घेऊन गेलो, तर अब्बा भिंतीकडं तोंड करून पडलेले. मला वाटलं, डोळे मिटून राग करत असतील.

अब्बांच्या चाळीसाव्याच्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर सुलामावशी मागं थांबली. पदराखालचा डबा पुढं करत म्हणाली, “इकबाल, ह्या दुःखात इचारू नये. पर थांबलं का रं तुझं?”

मी पलंगाकडं बघितलं. वर नुसती कापसाची जुनी गादी होती. कोरडी.

“थांबलं, मावशी.”

“पार?”

“पार थांबलं.”

“बघ! म्हनलं न्हवतं? तिळात लय गुन हाय!” तिचा चेहरा फुलला. मग माझ्याकडं बघून दचकली. “आरं, रडतोस कशापायी? चांगलं झालं की!”

तेव्हापासून मावशी अख्ख्या भागात माझा दाखला देते. गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतली एक बाई बिचकत दारात आली. आठ वर्षांची लेक आहे, रोज होतं, गल्लीत लाज वाटते म्हणाली. “भाऊ, तुमचं खरंच लाडवानं थांबलं?”

“लाडवानंच,” मी म्हणालो. “पण गुण यायला वेळ लागतो. तोवर गादी बिनधास्त उन्हात टाका आणि कुणी विचारलं, तर सांगा, इकबालची आहे. लगेच पटतं लोकांना.”