शंकासुर आणि धक्क्यावरचं भवन

आमच्या गल्लीत त्यांना सगळे शंकासुर म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. त्यावरून ते कधी चिडले नाहीत. हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं आणि त्यात त्याचा काय हेतू होता, एवढंच ते अधूनमधून विचारत. धंदा कुलपांचा. चाव्या घासायच्या, अडलेली दारं उघडायची, नवी कुलपं बसवायची. शेजारच्या गाळ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांच्या कानशीचा आवाज आणि त्यांच्या शंका दिवसभर माझ्या कानावर पडत. मी त्यांना काका म्हणते आणि त्यांच्या बायकोला काकू.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांचं तोंड कधी पोळल्याचं कोणाला आठवत नाही, तरी ते पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. एकदा छातीत दुखलं म्हणून डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं तपासून सांगितलं, काही झालेलं नाही. काका सरळ दुसऱ्या डॉक्टरकडे. "पहिला इतक्या लवकर काही नाही म्हणाला," त्यांनी मला समजावलं, "म्हणजे काहीतरी असणार." स्वतःचं लग्न ठरण्याआधी मुलीच्या घरची माहिती काढायला त्यांनी आपल्या चुलतभावाला गुपचूप पाठवलं होतं, तेही पुन्हा पुन्हा. काकू ही गोष्ट हसत सांगायच्या. "प्रत्येक वेळी तोच शर्ट घालून यायचा बिचारा. शेवटी माझ्या आईनं त्याला घरात बोलावून जेवायलाच वाढलं."

गल्लीच्या टोकाला पूर्वी गोदामांची भिंत होती. उंच, काळी पडलेली. भिंतीपलीकडे धक्का आणि धक्क्यापलीकडे पाणी, हे आम्हाला वासावरून आणि बोटींच्या भोंग्यांवरून कळायचं. मग गोदामं पाडली आणि तिथं पत्रे उभे राहिले. पत्र्यांवर चित्रं होती: झाडं, कारंजी, हातात कॉफीचे पेले घेतलेली गोरीगोमटी हसरी माणसं. काका रोज दुकान उघडण्यापूर्वी त्या चित्रांसमोर हात मागं बांधून उभे राहत.

"यातला एकही माणूस आपल्या गल्लीतला नाही," एक दिवस ते म्हणाले.

"चित्र आहे ते, काका."

"चित्र काढणाऱ्याला आपण दिसलो नाही की नको होतो, एवढं कळलं पाहिजे."

पत्रे उतरले तेव्हा सगळी गल्ली बघायला गेली. मोठमोठ्या परिषदा भरवण्यासाठीचं ते भवन होतं, पण तसं ते दिसत नव्हतं. इमारत म्हटली की भिंती सरळ आणि छप्पर वर, एवढी तरी माणसाची अपेक्षा असते. इथं छप्परच एका बाजूनं वळत वळत जमिनीपर्यंत आलेलं, दुसऱ्या बाजूनं पाण्यावर झुकलेलं, आणि मध्ये सगळी काच. निवृत्त मास्तर म्हणाले, ही लाट आहे, बंदराला शोभेशी. मासळीवाली म्हणाली, लाट कसली, मेलेल्या माशाचा जबडा आहे, मी रोज बघते. रिक्षावाल्याला ते चुरगळून फेकलेल्या कागदासारखं वाटलं. वर्तमानपत्रात आलं की शहराला नवा चेहरा मिळाला. त्यावर मासळीवाली म्हणाली, जुन्या चेहऱ्याला काय धाड भरली होती.

काकांनी काचेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "दार कुठंय?"

सगळे शोधू लागले. काचेत काच मिसळलेली, कुठली उघडते आणि कुठली नाही ते कळेना. "ज्या घराचं दार दिसत नाही," काका म्हणाले, "त्या घराला कोणी यावं असं वाटत नसतं." तेवढं वाक्य गल्लीभर झालं. तोवर लोकांना इमारत नुसती विचित्र वाटत होती. आता तिचा संशय यायला लागला. एवढी काच कशाला, आतून कोण बघतंय, आपली घरं पाडायचा पुढचा बेत तर नाही, असं जो तो बोलू लागला.

उद्घाटनाआधी नागरिकांची मतं ऐकायला शाळेच्या सभागृहात बैठक ठेवली. इमारतीचा आराखडा करणारी बाई स्वतः आली होती. साध्या कपड्यातली, आवाज बारीक. तिनं पडद्यावर चित्रं दाखवली. पाण्याच्या बाजूला रुंद पायऱ्या होत्या, थेट पाण्यापर्यंत उतरणाऱ्या. या पायऱ्या गावासाठी आहेत, ती म्हणाली, तिकीट नाही, ओळखपत्र नाही, कोणीही या आणि बसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी तर दोनदा.

काका उठले. "कोणीही म्हणजे कोण?"

"सगळे."

"आणि कधीपर्यंत?"

"नेहमीच," बाई म्हणाली.

"नेहमी टिकणार, असं मी कुलपांच्या खोक्यांवरही फार वाचलंय," काका म्हणाले आणि खाली बसले. लोक हसले. बाईसुद्धा हसली, पण तिनं मान खाली घालून काहीतरी विचार केल्यासारखं मला वाटलं.

भवन उघडलं. गल्लीतले लोक एकेक करून जाऊन आले, आल्यावर नावं ठेवली आणि पुन्हा गेले. काकांनी मात्र त्या बाजूला पाऊल न टाकायचं ठरवलं. गिऱ्हाइकाची चावी पकडीत धरून कानस फिरवता फिरवता ते भवनाचा पंचनामा करत. आज त्या काचा कोण पुसतंय, संध्याकाळी दिवे कोणासाठी लावतात, गाड्या मागच्या रस्त्यानंच का येतात. ऐकायला माणसं थांबत. चावी करायला कमी आणि ऐकायला जास्त.

याच सुमाराला काकू दुपारच्या बाहेर जाऊ लागल्या.

आधी काकांच्या ते लक्षात आलं नाही, आणि हेच त्यांना नंतर सगळ्यात लागलं. जगाच्या कुलपावर नजर ठेवणाऱ्याला घरची कडी निघालेली दिसली नाही. विचारलं की काकू म्हणत, बहिणीकडे गेले होते, भाजी आणायला गेले होते. पण पिशवीत भाजी नसे. चेहरा उन्हानं रापलेला असे. आणि स्वयंपाक करताना त्या गुणगुणत, जे काकांनी गेल्या कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

एक दिवस काका माझ्या दुकानात आले आणि त्यांनी काउंटरवर चष्म्याचा डबा ठेवला.

"हा तुझ्या दुकानातला."

"हो. काकूंनी गेल्या महिन्यात करून घेतला."

"लांबचं बघायचा आहे?"

"लांबचं बघायचा."

त्यांनी डबा उघडून काचा उजेडात धरल्या, जणू त्यातून काकूंनी काय पाहिलं ते त्यांना दिसणार होतं. "वाचायचा असता तर समजलो असतो. आमच्या घरात लांब असं काय आहे? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तर हात पोचतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला काही बोलली?"

मला काकू काही बोलल्या नव्हत्या. मी तसं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, ते माझ्याकडे बघत राहिले, आणि खरं सांगायचं तर त्या नजरेनं मलाच वाटायला लागलं की मी काहीतरी लपवतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मला दुकानावर लक्ष ठेवायला सांगून काकूंच्या मागं गेले. पुढं काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. जेवढं जुळतं तेवढं सांगते.

काकू गल्ली ओलांडून सरळ भवनाकडे गेल्या. काचेच्या भिंतीला वळसा घालून, छपराच्या त्या झुकलेल्या भागाखालून मागच्या पायऱ्यांवर गेल्या. दार न शोधताच. मधल्या एका पायरीवर बसल्या, चपला काढून बाजूला ठेवल्या, चष्मा लावला आणि पाण्याकडे बघू लागल्या. काका एका खांबाआड उभे राहिले. आता कोणीतरी येणार, याची त्यांना खात्री होती. कोण येईल याची त्यांनी मनात यादीही केली, त्यात शिंपी होता, काकूंच्या माहेरचा एक शेजारी होता. कोणीच आलं नाही. ऊन मात्र त्यांच्या डोक्यावर आलं.

"तिथं उन्हात उभे राहू नका," मागं वळून न बघता काकू म्हणाल्या. "इथं सावली आहे."

काका जाऊन बसले. दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"कोणाची वाट बघतेस?"

"कोणाची नाही."

"मग?"

"बोटी बघते."

"काय असतं त्या बोटींत?"

"मला काय माहीत. म्हणूनच बघते."

काका म्हणाले, "लपवलंस माझ्यापासून."

"सांगितलं असतं तर रोज विचारलं असतं तुम्ही. किती वाजता गेलीस, कुठल्या पायरीवर बसलीस, शेजारी कोण होतं. मला एक तास असा पाहिजे होता ज्याचा कोणाला हिशेब द्यायचा नाही." काकूंचा आवाज चढला नव्हता. "लग्न होऊन आले तेव्हापासून स्वयंपाकघरात बोटीचा भोंगा ऐकतेय. इतक्या वर्षांत बोट बघितली नव्हती. मध्ये ती भिंत."

काकांनी वर छपराकडे पाहिलं. "पण यात यांचा काय फायदा? फुकट कोण बसू देतं?"

"तो विचार घरी करा," काकू म्हणाल्या. "इथं नको."

त्यानंतर काका काकूंच्या मागं गेले नाहीत. दुपारी काकू निघाल्या की ते कानस जरा जोरात चालवत, एवढंच. भवनाला नावं ठेवणं चालूच होतं. मासळीवालीनं एकदा काकूंबद्दल खोचक विचारलं तेव्हा मात्र म्हणाले, "तिला बोटींची माहिती काढायची आहे," आणि विषय संपवला.

मग एक दिवस काकू गेल्या तशा परत आल्या. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. पायऱ्यांसमोर दोरी बांधली होती, पहारेकरी उभा होता. आत मोठी परिषद आहे, पाहुण्यांना तिथं चहा द्यायचाय, आज बाहेरच्यांना बंद. "मला बाहेरची म्हणाला," काकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, त्याचंच मला वाईट वाटलं.

भिंतीपलीकडची कानस थांबली. आता काका 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणणार, असं मला वाटलं. ते आले, काकूंकडे पाहिलं, आत गेले आणि भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं. "चल," म्हणाले.

मीही माझं दुकान बंद करून दोघांमागं गेले. दोरीशी जाऊन काकांनी पहारेकऱ्याला नीट विचारलं, "आज बंद. उद्या?"

"ते साहेबांना माहीत."

"साहेब कधी भेटतील?"

"ते आत आहेत, काका. मी तरी काय करू?"

"तू काही करू नकोस," काका म्हणाले आणि दोरीला लागून खाली फरशीवर मांडी घालून बसले. शेजारी काकू बसल्या. बातमी गल्लीत पोचायला वेळ लागत नाही. मासळीवाली टोपलीसकट आली, मास्तर छत्री घेऊन आले, रिक्षावाल्यानं रिक्षा कडेला लावली. त्या भवनाला ज्यांनी ज्यांनी शिव्या घातल्या होत्या ते सगळे त्यात जायला मिळावं म्हणून बाहेर बसले होते. काचेपलीकडचे पाहुणे पेले हातात धरून आमच्याकडे बघत होते.

उन्हं कलली तेव्हा आराखडेवाली बाई बाहेर आली. परिषदेला तिलाही बोलावलं असावं. काकांनी तिला लगेच ओळखलं.

"बाई, तुम्ही नेहमी म्हणाला होता."

ती थांबली. दोरीकडे पाहिलं. "ही दोरी मी बांधलेली नाही."

"इमारत तुमची, मग दोरी कोणाची?"

तिच्या जागी मी असते तर सरळ निघून गेले असते. ती मात्र पुन्हा आत गेली, आणि काचेतून ती एका सुटातल्या माणसाशी हातवारे करून बोलताना आम्हाला दिसली. त्या दिवशी दोरी सुटली नाही. पुढं पत्रं झाली, बैठका झाल्या. शेवटी ठरलं की परिषद असेल त्या दिवशीही पाण्याकडच्या अर्ध्या पायऱ्या खुल्या ठेवायच्या.

गल्लीनं काकांचं कौतुक केलं. मास्तर म्हणाले, शंकासुरानं गड राखला. काका खूश झाले नाहीत. "अर्ध्याच का? जी दोरी अर्ध्यावर येते ती पूर्ण ओढता येते."

आता तेही रोज दुपारी काकूंबरोबर जातात. बसायला नाही, म्हणतात, पायऱ्या उघड्या आहेत का ते तपासायला. तपासायला बराच वेळ लागतो. छप्पर त्यांना अजून आवडलेलं नाही.

परवा मीही गेले होते. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना नवे लोखंडी खांब रोवलेले दिसले, कमरेएवढे, मध्ये साखळी नाही. पहारेकऱ्याला विचारलं तर म्हणाला, शोभेचे आहेत. काका खांबाच्या डोक्यावरच्या कडीत बोट घालून उभे होते.

"साखळी नंतर येते," ते म्हणाले. "खांब आधी."

नेहमीप्रमाणे काकू त्यांना गप्प करतील असं मला वाटलं. पण त्या उठल्या, चपला घातल्या, आणि दोन्ही हातांनी खांब धरून जोर लावून पाहिला. खांब हलला नाही. त्यांनी हात पुसले.

"उद्या जरा लवकर येऊ," त्या म्हणाल्या. "मासळीवालीलाही सांगा."