रेडीमेड भाऊजींची खरेदी

माझ्या धाकट्या दिरांबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांनी खुशाल बोलावं. मला ते आवडत नाहीत, आणि हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून लपवलेलं नाही. आमचे हे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, दर वेळी मध्ये पडतात. "अगं, तो मनाने वाईट नाही," म्हणतात. मनाने वाईट नाही हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

भाऊजींना मी रेडीमेड म्हणते, अगदी तोंडावरसुद्धा. एखादी गोष्ट मापाने करून घेणं म्हणजे त्यांना वेळेची नासाडी वाटते. "बाजारात तयार मिळतंय ना, मग थांबायचं कशाला?" हे त्यांचं पालुपद. पँट तयार आणायची, लांब झाली की आत दुमडून पिन लावायची. पडदे तयार, म्हणून खिडकीला वीतभर आखूड. एकदा कपाट आणलं, ते खोलीतल्या कोनाड्यात मावेना. दुसऱ्या कुणीही ते परत केलं असतं. भाऊजींनी गवंडी बोलावून भिंत फोडली, आणि पुढे आल्यागेल्याला सांगत राहिले की भिंतच चुकीची बांधली होती.

तर असा माणूस सैन्याच्या खरेदी विभागात आहे. तिथे ते भराभर वर चढले, कारण बाकीचे नमुने आणि मोजमापं यांत गुंतून पडत आणि भाऊजी तोवर हात झटकून मोकळे झालेले असत. वरच्यांना असा माणूस कुणाला नको असतो?

मग सीमेवर शत्रूची ड्रोन चौक्यांवर घिरट्या घालायला लागली. सैन्याला जॅमर हवे होते, म्हणजे ड्रोन आणि ते उडवणारा माणूस यांचा संपर्क तोडणारे डबे. आपल्या गरजेप्रमाणे बनवून घ्यायचे तर वर्षं गेली असती. घाई खरीच होती, ते मी नाकारत नाही. पण तयार मिळतात म्हटल्यावर हे काम कुणाच्या टेबलावर जाणार, ते सांगायला ज्योतिषी नको होता. भाऊजींनी विक्रेता गाठला, चाचणी घेतली, मान्यता मिळवली, आणि डबे चौक्यांवर पोचलेसुद्धा. विभागात त्यांचं कौतुक झालं आणि त्यांची मान आणखी ताठ झाली.

माझा मुलगा सैन्यात वायरलेस ऑपरेटर आहे, डोंगरातल्या एका चौकीवर. तो रजेवर आला म्हणून भाऊजी जेवायला आले आणि हात धुवायच्या आधीच त्या चाचणीची गोष्ट सुरू झाली. मोठं मैदान, सावलीत खुर्च्या, चहा, सगळे वरिष्ठ हजर. ड्रोन वर गेलं, विक्रेत्याच्या माणसाने बटण दाबलं, आणि ड्रोन थकलेल्या माणसासारखं खाली बसलं. टाळ्या.

"काका," मुलाने विचारलं, "तेव्हा मैदानात आपले वायरलेस सेट चालू होते?"

"छे. मैदानात फोन नाही, सेट नाही. पहाऱ्यावरच्या शिपायाचासुद्धा सेट फाटकावर जमा करून घेतला मी. माझी शिस्त आहे ती."

ही शिस्त कुठून आली ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आधीच्या एका चाचणीचे फोटो कुणाच्या तरी फोनमधून बाहेर गेले होते आणि भाऊजींना वरून चांगली बोलणी बसली होती. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. मैदानात इशारे द्यायचे ते शिट्टीने आणि झेंड्याने.

मुलगा जेवायचा थांबला. "मग तुम्हाला कळलंच नसणार," तो म्हणाला. "तो डबा चालू केला की ड्रोन पडतं, हे बरोबर. पण त्याबरोबर आमचा सेटही मुका होतो. खालच्या तळाशी बोलणंच बंद. कुणाला लागलं तरी कळवता येत नाही, मदत मागता येत नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

भाऊजींनी शांतपणे घास गिळला. "हाताळणी चुकत असेल," म्हणाले. "माहितीपुस्तिका वाचता का तुम्ही लोक?"

"भाऊजी, तो तिथे रोज बसतो," मी म्हटलं. "तुम्ही खुर्चीत बसून चहा प्यायलात. पुन्हा घ्या ना चाचणी, या वेळी सेट चालू ठेवून."

"वहिनी, तुम्हाला वाटतं तितकं सोपं नसतं ते."

"अवघड काय आहे त्यात?"

"पुन्हा चाचणी म्हणजे पहिली चुकली असं होतं."

"चुकलीच आहे."

यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, जणू भांडण तहानेवरून चाललं होतं. भाऊजी उरलेलं न जेवताच उठले. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

मुलाची रजा संपेपर्यंत भाऊजी फिरकले नाहीत. मी रोज फोन करायचे. कधी उचलायचे नाहीत, कधी उचलून "बघतो" म्हणायचे. यांचं आपलं एकच, "त्याच्या डोक्यात असेल गं, तो करेल काहीतरी."

आणि केलंच त्यांनी काहीतरी. मुलगा निघायच्या दिवशी, सामान दारात असताना, भाऊजी एक खोकं घेऊन आले. आत वॉकीटॉकीची नवीकोरी जोडी. दुकानातून तयार आणलेली, हे सांगायलाच नको.

"हे बॅगेत ठेव," ते मुलाला म्हणाले. "एक चौकीवर, एक खाली तळावर. डबा चालू असला तरी हे बोलतात."

"तुम्हाला कसं माहीत, काका?"

"तपासलं मी. विभागात नमुन्याचा एक डबा असतो. तो मागच्या आवारात चालू केला, शेजारी तुमचा नेहमीचा सेट ठेवला आणि ही जोडी ठेवली. तुमचा सेट गप्प झाला. ही जोडी चालली."

म्हणजे या माणसाने चाचणी घेतली होती. नीट, सेट चालू ठेवून, मी म्हटलं होतं अगदी तशी. आणि तिचा निकाल एका खोक्यात घालून फक्त आपल्या पुतण्यासाठी आणला होता.

"हेच वर सांगा," मी म्हटलं. "आत्ता, इथून फोन करून सांगा."

"वहिनी, ते होणार नाही."

"मग मी सांगते. तुमच्या साहेबांना सांगते की तुम्ही स्वतः तपासलंत."

"मी नाही म्हणेन," भाऊजी म्हणाले. आवाज चढवला नाही, नजरही चुकवली नाही. "मी असं काही केलंच नाही म्हणेन. तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

हे बाजूलाच उभे होते. त्यांच्याही कानावर हे पडलं.

मुलाने खोकं उघडलंही नाही, टेबलावर ठेवून दिलं. "काका, मंजूर नसलेला सेट चौकीवर सापडला तर मला शिक्षा होईल. आणि बाकीच्या चौक्यांवर कोण देणार? नको मला." त्याने बॅग उचलली. "एवढंच सांगा. तुम्ही दोन्ही तपासलंय. डबा चालू ठेवू की बंद?"

सगळ्या गोष्टींची उत्तरं तयार असणाऱ्या भाऊजींनी आधी टेबलावरचं खोकं आपल्याकडे ओढलं. मग म्हणाले, "बंद ठेव. सेट चालू राहिला पाहिजे."

मुलगा गेला. भाऊजी खोकं घेऊन परत गेले, दुकानदार बदलून देतो म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मुलाचा फोन आला. सगळ्या चौक्यांना खरेदी विभागाची सूचना आली होती. काही ठिकाणी डबे बंद ठेवले जातात असं लक्षात आलं आहे, ते कायम चालू ठेवावेत, बंद आढळल्यास कारवाई होईल. खाली नाव काकांचं. मुलाने सगळं वाचून दाखवलं आणि मग विचारलं, "आई, मी कुठल्या काकांचं ऐकू?"

शेजारी हे उभे होते, काय झालं म्हणून खुणेने विचारत होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "तुमच्या भावाबद्दल विचारतोय. तुम्हीच सांगा."

यांनी मुलाकडून पुन्हा सगळं ऐकून घेतलं. मी वाटच पाहत होते, आता मनाने वाईट नाही म्हणतील.

"बंद ठेव," हे म्हणाले. "आणि कारवाईला कुणी आलं तर माझ्याकडे पाठव. तो माझ्या घरात काय बोलला ते मी ऐकलंय, आणि मी सख्खा भाऊ आहे त्याचा. माझं बोलणं खोटं म्हणू दे त्याला."