रंजनाच्या आवाजाखालचा आवाज

आधीच सांगते, या सदरातले अनुभव माझी बहीण मला मोबाइलवर पाठवते आणि मी ते न उघडता पुसून टाकते. भुताखेतांसाठी मला वेळ नाही. माझा दिवस यादीवर चालतो, काम झालं की त्यावर काट. ही एक गोष्ट मात्र काट न मारता राहिली आहे, म्हणून लिहितेय.

धडगावात आमचं छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, मी तिथली केंद्रप्रमुख. दोन खोल्या, गच्चीवर मनोरा, आणि डोंगर आडवा येईपर्यंत जाणारा आवाज. वरच्या बऱ्याच पाड्यांवर मोबाइलला रेंज नाही. त्यामुळे दवाखान्याचे निरोप आम्ही नाव घेऊन सांगतो – कोणाची तपासणी, कोणी बाळंतपणासाठी आधीच खाली येऊन राहायचं. निवेदिका रंजना पावरी बोलीत बोलते, ती त्याच पाड्यांवरची. रंजनाचा निरोप लागला की घरात जीप ठरते, जिथे जीप पोचत नाही तिथे बांबूला झोळी बांधून माणसाला खांद्यावरून खाली आणतात.

गेल्या हिवाळ्यात निरोप जाऊनही माणसं येईनाशी झाली. मग एका बाजाराच्या दिवशी दोन बायका केंद्रात डोकावल्या.

"ती दुसरी कुठंय?"

"कोण दुसरी?" मी विचारलं.

"रंजनाच्या मागे बसून बोलते ती. ही म्हणते 'या', ती म्हणते 'येऊ नका'. दोघींना एकदम कशाला बसवता? भांडण लावायचंय का?"

रंजना हसत सुटली. "ताई, मला एकटीलाच वेळेवर चहा मिळत नाही, दुसरीला कोण देणार!"

मी मात्र आमचे तंत्रज्ञ भटूभाऊ यांना बोलावलं. शहाद्याचे, अहिराणी बोलणारे. त्यांनी सगळं तपासलं आणि मला समजेल असं सांगितलं. मनोऱ्यावरून जाते ती एकच लहर. रंजनाचा आवाज, मागचा ढोल, कोणाची खोकल्याची उबळ – सगळ्याची मिक्सरमध्ये बेरीज होते, आणि ती बेरीज त्या एका लहरीवर स्वार होते. रेडिओ ती लहरीवरून उतरवून घेतो, आपला कान ढोल वेगळा आणि बाई वेगळी करतो. म्हणजे वर दोन बायका ऐकू आल्या, तर इथून दोन गेल्या पाहिजेत. आमच्या ध्वनिमुद्रणात एकच होती. केंद्रातल्या रेडिओवरही एकच.

"दुसऱ्या स्टेशनचा आवाज मिसळला असेल," मी म्हटलं.

"नई ताई. एफएममा तसं व्हत नई. ज्यानं जोर जास्त, तोच ऐकू येस, दुसरा दबी जास. ती बाई आपलाच लहरवर शे." मग मिक्सरवरून हात फिरवत म्हणाले, "पण ती चढनी कोठून, हाई मी नई सांगू शकत."

त्याच आठवड्यात रंजनाचे वडील, वेस्ताबाबा, बाजाराला आले. एकटे. रंजनाची वहिनी सुमी पोटुशी होती, पायांना सूज, डॉक्टरांनी कळा सुरू व्हायच्या आधीच खाली यायला बजावलं होतं. भाऊ ऊसतोडीला गुजरातेत. रंजना रोज तिचं नाव घेऊन निरोप देत होती.

"वहिनी कुठंय?" रंजनाने विचारलं.

"तूच नको म्हणालीस."

"बाबा, मी रोज 'या' म्हणतेय!"

"'या' पण तूच म्हणतेस आणि 'येऊ नका' पण तूच. एकाच वेळी. आम्ही हळू बोललेलं धरलं. मोठ्याने बोलतेस ते दवाखान्यासाठी, हळू बोलतेस ते घरच्यांसाठी, असंच ना?"

तोवर आम्ही 'दुसरी बाई' म्हणत होतो. तिच्या स्वतःच्या पाड्यावर मात्र सगळ्यांनी ओळखलं होतं, दोन्ही आवाज रंजनाचेच होते.

मिळेल त्या जीपने ती बाबांबरोबर वर निघाली. निघण्याआधी दुसऱ्या दिवशीचे निरोप तिने मला देवनागरीत लिहून दिले. मला पावरी कळते ती बाजारापुरती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माइकसमोर बसले आणि अडखळत एकेक नाव वाचलं – सुमीला घेऊन या, खाट ठेवली आहे; मग बाकीच्यांनाही तसंच. भटूभाऊ शेजारी रेडिओ कानाला लावून बसले होते. त्यांनी मान हलवली. माझाच आवाज, एकच.

दिवस मावळायच्या आत झोळी पोचली. रक्तदाब भलताच चढला होता. डॉक्टर म्हणाल्या, आज आली म्हणून... मुलगी झाली. दोघी वाचल्या.

दवाखान्याच्या पायरीवर रंजनाने मला बाजूला घेतलं. "ताई, उतरताना रेडिओ बाबांच्या खांद्याला होता. तुमचा निरोप लागला. आणि त्याखाली हळू... तुम्हीच. 'येऊ नका.' झोळीवाले तिथंच थांबले. सुमी पण म्हणाली, परत फिरा."

"मग?"

"मी रेडिओ दरीत भिरकावला." ती आणखी जवळ सरकली. "ताई, तुम्ही पावरी वाचताना अडखळता ना? ती खालची अडखळत नव्हती. आमच्यातलीच बाई बोलावी तसं बोलत होती."

तेव्हापासून आम्ही रेडिओवर फक्त गाणी लावतो. निरोप चालत जाऊन देतो. भटूभाऊंनी ट्रान्समीटर बदलला, तारा बदलल्या. दोष मिळाला नाही, तेव्हा दुरुस्त काय झालं हेही सांगता येत नाही.

पाड्यापाड्यांवर आम्ही बहुतेक घरी वेळेवर पोचलो. एका घरी नाही. तिथली सून गेली होती, बाळही. मी दारात रंजनाला काहीतरी विचारलं, एवढंच. मला कधी न पाहिलेली त्या सुनेची सासू आतून उठून आली आणि पावरीत काही बोलली. रंजना भाषांतर करेना. मीच आग्रह केला.

"ताई, ती म्हणतेय, हाच आवाज. त्या दुपारी नको म्हणालीस, म्हणून आम्ही हिला घरीच ठेवली. आता कशाला आलीस?"

मी 'या' म्हटलं होतं. तेही तिने ऐकलं होतं.