काळी दोनमध्ये गाणारे मनोहरभाऊ

आधी माफी मागतो. ज्या माणसाला मी आयुष्यात फक्त दोनदा भेटलो, त्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे, आणि ज्यांनी त्याच्यासोबत पंचवीस-सव्वीस वर्षं काढली ते अकोल्यात गप्प आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. पेपरात काही छापून यावं असं लिहिण्याची सवय तर मलाही नाही. पण मनोहरभाऊ गेल्यावर त्यांचे कीबोर्डवाले विजूभाऊ म्हणाले, "तू शिकून राहिला ना, मंग तूच लिह्य. आमाले फक्त वाजवता येते." म्हणून लिहितो आहे. चुकलं तर मनोहरभाऊंच्या जवळच्यांनी मोठ्या मनानं सोडून द्यावं.

मनोहरभाऊ अकोल्याच्या एका हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा परिचर होते. आठवडाभर काचेच्या नळ्या धुवायच्या, मुलांना मॅग्नेशियमची फीत मोजून द्यायची, आणि रविवारी जुनी हिंदी गाणी गायची. त्यांचा लहानसा ऑर्केस्ट्रा होता. ते स्वतः, कीबोर्डवर विजूभाऊ, ढोलकवर सादिकभाऊ. लग्नातले कार्यक्रम हळूहळू डीजेवाल्यांकडे गेले, तेव्हा यांच्याकडे शिक्षकांच्या निवृत्तीचे सत्कार उरले. त्यावर मनोहरभाऊ म्हणायचे, की आपण माणसाले नोकरीतून गाऊन बाहेर काढतो.

मी त्यांच्यात गेलो तो एका सकाळी आलेल्या फोनमुळे. तेव्हा मी अमरावतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. परीक्षा नुकतीच संपली होती आणि झोप अजून पुरी झाली नव्हती. फोनवर सादिकभाऊ होते. माझा नंबर त्यांना युवक महोत्सवातल्या एका तबलेवाल्यानं दिला होता.

"कीबोर्ड येते काय तुले?"

"पेटी येते. कीबोर्ड थोडा."

"थोडा चालते. आमचा विजू डेंग्यूनं अ‍ॅडमिट आहे. बारा वाजता दर्यापूर, मंगल कार्यालय. कीबोर्ड आमी आणतो, तू फक्त हात आन."

माझं गाव दर्यापूर तालुक्यातच आहे. पेटी मी तिथल्या भजनी मंडळात शिकलो. कार्यक्रम झाला की घरी जाऊन येऊ, एवढ्याच विचारानं मी हो म्हटलं. बस उशिरा सुटली, बसायला जागा मिळाली नाही, आणि मी पोचलो तेव्हा एका गुरुजींच्या निवृत्तीचे हार-तुरे सुरूही झाले होते. स्टेजच्या मागे खुर्चीवर एक बारीक, उंच गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, खिशात दोन पेन. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वही पुढे केली. वहीत प्रत्येक गाण्यासमोर पट्टी लिहिलेली होती. वाचकांसाठी एवढंच सांगतो, की गायक कुठल्या सुराला 'सा' धरतो ती त्याची पट्टी, आणि आमच्याकडे ती पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरून ओळखली जाते. मनोहरभाऊंच्या बहुतेक गाण्यांसमोर 'काळी दोन' असं लिहिलं होतं. पुरुषाच्या आवाजाला ती उंचच म्हणायची.

"विसाव्या वर्षापासून काळी दोन," ते म्हणाले. "लोक उतरले, मी नाही उतरलो. लिहिलं तेच वाजवजो. मनानं काही करू नको."

मी काहीच मनानं केलं नाही. तीच माझी चूक ठरली.

पहिली दोन गाणी साधी होती, निभावली. तिसऱ्याच्या अंतऱ्यात सूर वरच्या पंचमापर्यंत जातो. मनोहरभाऊंनी डोळे मिटले, हात वर नेला, आणि त्यांचा आवाज तिथे फाटला. ओलं फडकं फाटावं तसा. समोर सत्कारमूर्ती गुरुजी, त्यांच्या सुना, नातवंडं, सगळे शाळेतले लोक... कोणी हसलं नाही, हे आणखी वाईट. सादिकभाऊ ढोलक वाजवता वाजवता पंजा खाली खाली करून मला खुणावत होते. मला वाटलं माझा आवाज जास्त होतो आहे, म्हणून मी कीबोर्डचा आवाज कमी केला. त्यामुळे दुसऱ्या अंतऱ्यात मनोहरभाऊ अगदीच उघडे पडले. पुन्हा तसंच झालं. तेव्हा त्यांनी मागे वळून माझ्या बोटांकडे पाहिलं. बोटं काळी दोनवरच होती. ते पुन्हा पुढे वळले, माईकवर खोकले आणि म्हणाले, "गुरुजी, हे ओळ तुमच्यासाठी सोडली." गुरुजी बिचारे उठले आणि बेसूर का होईना, पण ती ओळ म्हणाले. टाळ्या पडल्या.

जेवणाच्या वेळी सादिकभाऊंनी मला आचाऱ्यांच्या कढयांमागे ओढून नेलं.

"लेकाच्या, बटन दाबलं नाही काय तू?"

"कोणतं बटण?"

त्यांनी कपाळाला हात लावला. मग मला कळलं. कीबोर्डवर एक बटण असतं. ते एकदा दाबलं की अख्खा कीबोर्ड अर्ध्या सुरानं खाली उतरतो. बोटं त्याच पट्ट्यांवर राहतात, आवाज मात्र खालचा येतो. कीबोर्ड बंद केला की तो परत मूळ जागी जातो. मनोहरभाऊंचा गळा वयानं उतरत गेला तसं विजूभाऊंनी ते बटण आधी एकदा, मग दोनदा दाबायला सुरुवात केली होती. दर कार्यक्रमाला, माईक तपासताना, कोणाच्या लक्षात येणार नाही असं. मनोहरभाऊ काळी दोन सांगायचे, विजूभाऊ काळी दोनवर बोटं ठेवायचे, आणि गाणं व्हायचं काळी एकमध्ये. "तुले आधी सांगणार होतो," सादिकभाऊ म्हणाले, "पण ते तुह्या बाजूचे हललेच नाहीत." मी जाऊन कीबोर्ड पाहिला. बाकी सगळ्या बटणांवरची अक्षरं शाबूत होती. त्या एकाची पुसून गेली होती.

निघताना मनोहरभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू बरोबर वाजवलं," एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर मी सुटलो असतो.

त्यानंतर दोन महिने त्यांनी एकही कार्यक्रम घेतला नाही. हे मला सादिकभाऊंकडून कळत होतं. विजूभाऊ बरे होऊन आले, तरी मनोहरभाऊ "शाळेत काम आहे" म्हणून टाळायचे. मी वर्गात बसायचो, नोट्स उतरवायचो, आणि मनात एकच यायचं की एका माणसाचं गाणं आपण बंद केलं. तेही नीट वाजवून. कोणाला सांगावं तर सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. नुसता एक थकवा होता, आणि तो झोपून जात नव्हता.

मग एका दुपारी ते स्वतःच माझ्या खोलीवर आले. मुलीचं कुठलंसं प्रमाणपत्र घ्यायला विद्यापीठात आले होते. दोन जिने चढून आल्यावर बराच वेळ पलंगाच्या कडेला नुसते बसून राहिले. पाणी पिऊन म्हणाले, "पेटी आहे ना? काढ." मी पलंगाखालून पेटी काढली. "काळी दोन दे." मी सूर धरला. त्यांनी तीच ओळ म्हटली आणि ती तशीच फाटली. "आता काळी एक." ओळ सरळ वर गेली आणि तिथे थांबली. खाली अंगणात घरमालकीण वाळवण पसरत होती, तिनं वर पाहिलं. मनोहरभाऊ मात्र खिडकीकडे बघत होते.

"विजू बटन दाबत होता?"

मी पेटीचा भाता लावला. खोटं बोलायलाही धीर लागतो.

"मी त्याच्यासमोर दरवर्षी मिशीले पीळ देत होतो, का माह्या गळ्याले काही झालं नाही. आन् तो मानही डोलवत होता लेकाचा."

"तुम्हाला राग आला का, भाऊ?"

"राग नाही गा. थकलो. बस, तेवढंच." मग म्हणाले, "विजूले सांगू नको मले समजलं म्हणून. इतकी वर्षं त्यानं सांभाळलं. आता समजलं म्हटल्यावर त्याच्या हाताले लाज वाटन."

मी अडखळत म्हटलं, की भाऊ, तुम्ही काळी एकमध्ये गा ना, छानच वाटतं.

"काळी एकमधी कोणीबी गाते," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

पुढच्या महिन्यात त्यांनी कार्यक्रम घेतला. विजूभाऊंनी बटण दाबलं, मनोहरभाऊंनी दाबू दिलं. तेव्हापासून अधूनमधून रविवारी त्यांचा फोन यायचा. "आज काळी दोनमधी गायलो बरं का," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मीही हसायचो. विजूभाऊंचं गुपित मनोहरभाऊ सांभाळत होते, मनोहरभाऊंचं मी. कधी कधी ते फोनवर नुसता श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अभ्यास कर. ठेवतो." मागच्या काही महिन्यांत फोन कमी झाले होते. माझं शेवटचं वर्ष होतं, मीही केला नाही. ते आता बोचतं.

त्या दिवशी मी ग्रंथालयात होतो. अनोळखी नंबर दिसला म्हणून जिन्यात आलो.

"विजू बोलून राहिलो, कीबोर्डवाला. सादिकजवळून नंबर घेतला तुहा." आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो. त्यांनी विचारलंही नाही, मी कुठे आहे, कसा आहे. सरळ सांगायलाच लागले. "पातूरच्या शाळेत कार्यक्रम होता आमचा. मी माईक तपासून राहिलो होतो. बटनावर बोट ठेवलं, तर हे मागं न पाहता म्हणतात, 'विजू, दोनदा दाब.' माईक चालू होता ना बे! लोकाइले वाटलं साउंडवाल्याले सांगून राहिले."

मला जिन्यातच हसू फुटलं. किती तरी दिवसांनी मोकळं वाटलं. "मग?"

"मंग काय. दाबलं. आन् असे गायले, असे गायले... गाणं झाल्यावर माह्याजवळ येऊन बसले आन् म्हणे, आता वहीत काळी एक लिहून टाक, कायले रोज उठून दाबतं."

मी म्हटलं, विजूभाऊ, पुढचा कार्यक्रम कुठे आहे ते सांगा, मी ऐकायला येतो. पेपर झाले की लगेच येतो.

"तुले सादिकनं सांगितलं नाही काय?" विजूभाऊ म्हणाले. "पातूरचा कार्यक्रम रविवारी झाला. बुधवारी सकाळी शाळेत गेले, प्रयोगशाळेचं कुलूप काढलं आन् तिथंच स्टुलावर बसले... पोरं प्रार्थनेले उभी होती. कोणाले समजलंच नाही. आज नववा दिवस आहे, बाबू."