राखीव पॅराशूटचे पेढे

बायको साडीची घडी घालताना तळहातानं हवा दाबून काढते. ते पाहिलं की माझा हात आपोआप घडीत जातो. आत काही राहिलं तर नाही?

उडी मारणाऱ्यांची पॅराशूट घड्या घालून भरायचं माझं काम होतं. घड्या सुटू नयेत म्हणून त्यांच्यावर वाळूच्या लहान पिशव्या ठेवायच्या आणि शेवटी काढून घ्यायच्या. एकदा एक पिशवी आतच राहिली. उडी मारल्यावर आमच्यातल्या सुधीरचं मुख्य पॅराशूट उघडलं नाही. ते सोडून देऊन तो पाठीवरच्या दुसऱ्या, राखीव पॅराशूटवर उतरला. शेतात पडलेलं पॅराशूट आणायला मीच गेलो. दोऱ्यांत अडकलेली पिशवी खिशात घातली.

राखीव उघडलं की ते भरणाऱ्याचं तोंड गोड करायचं, ही आमच्यातली रीत. सुधीर पेढे घेऊन आला.

“दादा, तुझ्यामुळे वाचलो. मुख्य कुठल्या गाढवानं भरलं होतं रे?”

सगळे हसले. मीही हसलो.

उडी मारणाऱ्याला पाठीवरची घडी उघडून पाहता येत नाही. त्याला भरणाऱ्याच्या हातांवरच विसंबावं लागतं.

इतक्या वर्षांनी काल त्याला फोन करून सांगितलं, मुख्यही मीच भरलं होतं.

तो म्हणाला, “आणि माझी पोरगी दर दिवाळीला तुझ्या पाया पडते.”