आत्याबाईंनी कमोड निवडलं

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे आणि सासऱ्यांना मामाजी. साठ सालानंतरची दोन-चार वर्षं लोटली असतील. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या बाजूला आमचं घर, त्याला लागून फुलांचा मळा, आणि घरातले सगळे हात दिवसभर हार ओवण्यात. त्या पावसाळ्यात आत्याबाई विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरल्या. हाड बसवणाऱ्यानं पाय बांधला, पुढे सोडला, आणि डावा गुडघा कायमचा सरळ राहिला. त्या उभ्या राहत, चालत, भांडतही. फक्त पाय दुमडत नसे.

अडचण कुठे आली ते सांगायला नको, पण मी सांगणारच. आमचा संडास अंगणाच्या टोकाला, उकिडवं बसायचा. रोज सकाळी मी आत्याबाईंच्या काखेत हात घालून त्यांना खाली उतरवायची, एक पाय समोर तोफेसारखा ताणलेला, आणि काम होईपर्यंत तसंच धरून ठेवायची. "इकडे नोको पाहू," त्या दटावत. मी भिंतीवरच्या पालीकडे पाहत असे. तिची नि माझी चांगली ओळख झाली. पण बाजारात दलालांना घाम फोडणारी ही बाई, तिला सुनेच्या हातात असं लटकावं लागे, आणि ते तिला गुडघ्यापेक्षा जास्त दुखे.

एका सकाळी त्यांनी हातपाय धुतले आणि अंगणाच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, "आता मले कोणी धराचं नाही. साहेब लोकाईसारखी बसाची खुर्ची पायजे. घरात, नहाणीत. अन् उठताना धराले बाजूले बेसिन."

मामाजींचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. घर आणि संडास यांच्यामध्ये निदान एक अंगण हवंच, असा त्यांचा धर्म.

"जिथं हगाचं तिथंच चूळ भराची?"

"तुमी अंगणात भरा चूळ. मी धरून उठणार हाय."

मामाजी हळूहळू नमले, पण अट घालून. खरेदी अमरावतीत नाही. गावातल्या निम्म्या देवळांत आमचे हार जात. देवाच्या हाराचा माणूस कमोडचा भाव करताना दिसला, तर देवळाच्या पायरीवर लोक काय बोलतील? अकोल्याला जायचं, गुपचूप आणायचं.

निघण्याआधी आत्याबाईंनी नहाणी मापली, कोपऱ्यातली पाणी तापवायची चूल सोडून. टेप आमच्याकडे कुठला? हार ओवायचा दोरा होता. त्यांनी लांबीचा एक आणि रुंदीचा एक असे दोन दोरे तोडले, कमरेला खोचले, आणि आम्ही तिघांनी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली.

दुकानदार माणूस गोड होता, पण गिऱ्हाईक मामाजी आहेत असं समजून बसला. त्यांना त्यानं भिंतीवर टांगलेलं एक गुलाबी बेसिन दाखवलं, काम किती नाजूक आहे ते सांगू लागला. आत्याबाईंनी त्या नाजूक कामाची कड धरली आणि अंगाचा भार टाकला. भिंतीतून बारीक माती पडली.

"बाई, हे धरायचं नसते. हात धुवायचं असते."

"हात धुवाले घरी बादली हाय. धराचं दाखवा."

मग खांबावर उभं राहणारं जाड पांढरं बेसिन आलं. आत्याबाईंनी माझ्याकडून दोरे जमिनीवर ताणून घेतले, दुकानाच्या फरशीवर आमची नहाणी मांडली, त्यात कमोड ठेवायला लावलं, उजव्या हाताला बेसिन, आणि पदर सावरून सरळ कमोडवर बसल्या. दुकान रस्त्यावर उघडं.

"बाई, हे नुसतं पाहायचं हाय," दुकानदार कळवळला.

"काहून? चप्पल पायात घालूनच घेतो ना बाप्पा आपण?"

रस्त्यावरची माणसं थांबू लागली. मामाजी पाइपांच्या ढिगामागे गेले. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "रामराम भाऊ, अकोल्यात कसे?" बार्शीटाकळीचा झेंडूवाला. दर सणाला आमच्याकडे गाडी भरून फुलं आणणारा, आणि फुलांइतक्याच बातम्या.

मामाजींनी ढिगामागूनच रामराम घातला.

"वयनी काय करून राहिल्या?"

"बसून राहिल्या," मामाजी म्हणाले.

आत्याबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. एक कमोड बुटकं निघालं, दुसरं डुगडुगलं. तिसऱ्यावर बसून त्यांनी बेसिनची कड पकडली, दात आवळले आणि उठल्या. कोणाचा हात न लागता. मला वाटलं, मामाजींकडे पाहतील, पण त्यांनी पाहिलं माझ्याकडे. "हेच बांधा," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

माल गवतात बांधून ट्रकनं आला. गवंड्यानं सगळं जागेवर ठेवून पाहिलं आणि डोकं खाजवलं. आत्याबाई बसल्या की सरळ पाय समोरच्या चुलीत जात होता. अकोल्यात तर पुढे मोकळी जागा होती. मग उमगलं. हारवाल्याचा हात दोरा नेमका कधी तोडतच नाही, गाठीसाठी दोन्ही टोकांना वीत-वीत जास्त सोडतो. दुकानात आम्ही नहाणी मांडली होती ती गाठींसकट.

"बेसिन काढा, कमोड तिरपं लावतो. मंग बसते," गवंडी म्हणाला.

"बेसिन राहीन," आत्याबाई म्हणाल्या.

"मंग पाय कुठं ठेवसान?"

कोपऱ्यातली ती चूल मामाजींची. तिच्यावरच्या तांब्याच्या हंड्यात रोज पहाटे त्यांचं पाणी तापे, आणि कढत पाण्यानं आंघोळ केल्याशिवाय ते देवाच्या फुलाला हात लावत नसत. चुलीचं नाव आत्याबाईंनीही काढलं नाही. मामाजी आत गेले, हंडा उचलून अंगणात ठेवला आणि पहार घेऊन परत आले.

"मामाजी, आंघोळ?" मी विचारलं.

"विहिरीवर करीन. तुह्या हातात रोज लटकते तुही सासू, दिसते मले." आणि त्यांनी चूल फोडली.

पहिल्या सकाळी सवयीनं मी आत्याबाईंच्या मागोमाग गेले. दार माझ्या नाकासमोर लागलं, आतून कडी पडली. मी तिथेच उभी. मग बेसिनवर पंजा आपटल्याचा आवाज, एक लांब कण्हणं, आणि लिलावात बोली सुटावी तसा पुकारा: "उठली."

विहिरीवर मामाजी गार पाण्यानं कुडकुडत होते. तिथून त्यांनी विचारलं, "जमलं का वं?"

"जमलं. तुमी अंग धुवा."

कडी मात्र निघेना. "आत्याबाई, उघडता ना?" मी म्हटलं.

"काहून? कोणाले घाई हाय? तू जाय, भाकरी टाक. मी पुन्हा बसून उठून पाहतो."

मी स्वयंपाकाच्या चुलीकडे वळले. मागे पुन्हा पंजा आपटला.